फडातला लांबहात्या

१४ नोव्हेंबर १९६६, सोमवार

नानासोंनी माझ्या भयकथेचं पाचवं प्रकरण परत पाठवलं. सोबत चिठ्ठी: "तुमचा सरदार विलायती वाटतो. शवपेटीत झोपणारा मनुष्य सांगली-मिरजेच्या वाचकाने पाहिलेला नाही. आपल्याकडचे काही असल्यास लिहावे, नसल्यास तसे कळवावे."

नसल्यास कळवावे! दीडदमडीचं साप्ताहिक, त्यात निम्मी जागा पोवळ्याच्या अंगठ्यांच्या जाहिरातींना, आणि मला शहाणपण शिकवतात. प्रकरण तिथंच फाडून चुलीत घातलं. आई म्हणाली, "पाणी तापलं बघ तेवढ्यात."

माझं आधी काही ठरलेलं नसतं, ही खरी अडचण. ठरवलं की माझं लिखाण मरतं. पेन कागदाला टेकवायचं आणि जे पुढं येईल त्याच्या मागं जायचं. इतिहासाच्या पेपरातही हेच केलं होतं. मग सांगलीला विश्रामबागेतल्या कॉलेजात सरांनी तो पेपर सगळ्या वर्गात वाचून दाखवला, पोरं हसली, मी टेबल उलथं केलं आणि कडेगावच्या गाडीत बसलो. त्याला आता वर्ष होत आलं. पस्तावा नाही.

आज शालू ओढ्याच्या वाटेनं गेली. हिरवं लुगडं. वर बघितलं नाही.

१७ नोव्हेंबर

रोज दिवस मावळताना आबा जाधवांची शालू वस्तीवरनं गावात लीलाबाईंकडं जाते. लीलाबाई शाळेत शिकवतात. शालूला साताऱ्याच्या ट्रेनिंग कॉलेजची परीक्षा द्यायची आहे, म्हणून शिकवणी. असं म्हणतात. म्हणतात! शिकवणी दुपारी घेता येत नाही? ओढ्याच्या कडेनं, दोन्ही बाजूला ऊस उभा, अशाच वाटेनं जायचं? हसत का जाते मग? माणूस एकटा असताना कशाला हसतो?

आमच्या उसाच्या फडाच्या कडेला पाचट सारून बसायला जागा केलीय. तिथनं वाट नीट दिसते. थंडी मरणाची पडते म्हणून बाबांचा पलटणीतला कोट घालून जातो. बाबा सहा फुटी होते. बाह्यांतनं माझी बोटंसुद्धा बाहेर येत नाहीत.

मी वाईट काही करत नाही. नुसता बघतो. कुणी तिला भेटायला येतं का, एवढंच. शाळेत असताना तिनं मला एकदा पेरू दिला होता. असा पेरू काय कुणालाही देतात?

२२ नोव्हेंबर, मंगळवार

आज आमच्या गुऱ्हाळावर एकच विषय. आबांच्या शालूला काल सांजच्याला फडात जनावर दिसलं!

गुळव्या गुंडा काहिलीतली मळी काढत सांगत होता, "उभं राहातंय म्हणं माणसावानी. आन् हात? हात पार गुडघ्याखाली. नुसतं लोंबतंय."

"अस्वल आसंल," कुणीतरी म्हणालं.

"आरं, अस्वल कुठनं येतंय कडेगावात? यष्टीनं?" गुंडा खेकसला.

"मग वानर."

"वानराचं डोळं काचेगत चमाकतात व्हय?"

मी ऐकतच राहिलो. काल सांजेला मी तिथंच होतो! वाटेपासून दहा हातांवर. मला काहीच कसं दिसलं नाही? ती येताना दिसली, एकदम थांबली, माझ्याच दिशेला रोखून बघत राहिली आणि चालती झाली. म्हणजे ते माझ्या पाठीमागं उभं होतं. माझ्या पाठीमागं!

घरी आलो आणि न जेवता लिहायला बसलो. नाव आपोआप आलं: लांबहात्या. उसात राहतो, पाचटावर निजतो, वाटेनं जाणाऱ्या पोरींकडं बघत बसतो. काय पाहिजे त्याला? मलाही माहीत नाही. लिहीत गेलो की कळेल.

३० नोव्हेंबर

नानासो खूश. "हे आमचे. चालू ठेवा." छापूनही आलं, लेखकाचं नाव 'निशाचर'. गावात कुणाला पत्ता नाही. आईला दाखवलं तर म्हणाली, "ह्यात तुझं नाव कुठाय?" मी म्हटलं, हेच माझं नाव. ती बराच वेळ माझ्याकडं बघत बसली.

माल आयता मिळतोय. रोज गुऱ्हाळावर जायचं, काकवी चाटत ऐकायचं आणि घरी येऊन लिहायचं. शालूला तो पुन्हा दिसला. या खेपेला खोकला म्हणे, अगदी माणसासारखा. गुंडालाही दिसलाय. त्याचा नऊ फुटी आहे आणि त्याला शेपूट आहे. शेपूट मी घेतलं नाही. कुठंतरी मर्यादा हवी.

पण एक सलतं. मी सांज झाली की तिथं असतो. मला बिडीचा खोकला लागलाय, दबून खोकावं लागतं, तरी मी बसतो. आणि दिसतं कुणाला, तर आल्यागेल्याला. मी त्याचा लेखक, मलाच दिसत नाही. माझ्याशी वाकडं काय त्याचं?

३ डिसेंबर, शनिवार

नाथाजी कांबळे विश्रामबागेतनं सुट्टीला आला. माझ्याच वर्गातला. मी सोडलं, तो टिकला. माझी प्रकरणं नानासोंकडं तोच पोचवतो. आज नवीन प्रकरण ओढ्यावर बसून वाचलं त्यानं. हसला नाही.

"आमच्या वस्तीनं छप्पन साली भुतंखेतं सोडली," म्हणाला, "आणि तू त्यांचा नवा कारखाना काढलास व्हय रं?"

"चांगलं लिहिलंय का सांग."

"चांगलं हाय. लय चांगलं हाय, त्येच तर." कागद पुन्हा नीट जुळवले. "गड्या, सांजच्याला कुठं असतोस तू?"

"असतो कुठंतरी. का?"

"न्हाई, इचारलं. थंडी हाय. पण कोटाच्या बाह्या दुमडत जा जरा."

माझ्या बापाच्या कोटावरनं बोलला. हा आता शहरात इस्त्रीचा सदरा घालतो, स्कॉलरशिप आहे, म्हणून मला हिणवणार? मी म्हटलं, "तुझा सदरा तुझ्यापाशी ठेव." उठून आलो. प्रकरण मात्र त्याच्याकडंच राहिलं. पोचवेल ना? की मत्सरानं दाबून ठेवील? कुणाचा भरवसा राहिला नाही.

८ डिसेंबर

सगळा उलगडा झाला!

आज शालूबरोबर एक गडी होता. लष्करी कट, ताठ मान, खांद्यावर तिची पिशवी. तिची! दोघं हसत चालले होते. मी पाचटात डोकं घालून ऐकलं. ती त्याला 'दादा' म्हणत होती. काय पण लबाडी! लोकांनी ऐकावं म्हणून दादा.

चौकशी केली. नाव लालासाहेब. पलटणीत आहे, रजेवर आलाय, आबांच्या वस्तीवर उतरलाय. जनावराच्या भीतीनं शालूला पोचवायला जातो म्हणे.

आता जुळवून बघा. जनावर दिसतं कुणाला? आधी शालूला. त्यामुळं फायदा कुणाचा? लालासाहेबाचा. आता त्या वाटेला दुसरं कुणी फिरकत नाही, रान मोकळं. म्हणजे जनावर नाहीच. लालासाहेब रजेवर कधीचाच आला असणार, घोंगडं पांघरून फडात उभा राहत असणार, आणि पोरगी सामील! चोरून भेटायला माझी गोष्ट वापरतात. खरं म्हणजे गोष्ट त्यांची आणि मी वापरतो, पण ते वेगळं.

आज लांबहात्याला लष्करी कट दिला.

१५ डिसेंबर, गुरुवार

गाव घाबरलंय. बाया सरपणाला जाईनात. ऊसतोड्यांनी ओढ्याकडचा फड तोडायला नकार दिला. आता ठरलंय, मरीआईचा गाडा काढायचा. एरवी आषाढात निघतो. गावातली इडापिडा गाड्यात बसवायची, वाजत गाजत पुढच्या गावच्या शिवेवर नेऊन सोडायची आणि मागं न बघता परत यायचं. पुढचं गाव तो तिथनं पुढं ढकलतं.

पंच नाथाजीच्या वस्तीवर गेले होते. आधीच्या काळी गाडा ओढायचं काम त्यांच्याच गळ्यात असायचं. नाथाजीच्या वडलांनी पाणी दिलं, चहा दिला आणि सांगितलं, "आमी आता गाडा वढत न्हाई. तुमचा देव, तुमचं भ्या, तुमीच न्या." पंच तणतणत परतले. आता गावातली पोरं ओढणार.

येत्या मंगळवारी, दिवस मावळताना. त्या वेळी एकानंही शिवारात थांबायचं नाही. बायामाणसांनी दारं लावून आत. जो बाहेर असेल त्याच्या अंगावर पिडा बसते.

मला हे ऐकून शांत वाटलं. अख्खं शिवार रिकामं. ती दोघं ही संधी सोडतील?

२० डिसेंबर, सकाळ

आज धरायचंच. दुपारपासनं फडात बसतो. लालासाहेब घोंगडं पांघरून आला की समोर उभा राहतो आणि विचारतो. काय विचारणार ते ठरवलं नाही. ठरवलं की बिघडतं.

आईनं विचारलं, कुठं निघालास. "आज भाईर थांबायचं न्हाई, ठावं हाय न्हवं?" मी म्हटलं, हो.

२१ डिसेंबर

लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

काल ऊन उतरलं. वाटेवर कुणी नाही. शालू नाही, तो नाही. हलगी ऐकू यायला लागली. गाडा ओढ्याकडंच वळला होता. शीव आमच्या फडाला लागूनच आहे, हे मी विसरलोच होतो. दहा-बारा पोरं अनवाणी, कपाळभर मळवट, दोरखंडाला झोंबलेली. सवय नव्हती, चाकं रुतत होती, गुंडा मागनं शिव्या घालत होता.

आणि दोराला सगळ्यात पुढं लालासाहेब.

माझं डोकंच चालेना. तो इथं, मग घोंगड्यात कोण? त्यांनी गाडा शिवेवर उभा केला, नारळ फोडला आणि पाठ फिरवली. एकही जण मागं बघेना. चालले. हा माझ्या हातातनं निसटला असं वाटून मी ताडकन उभा राहिलो आणि ओरडलो, "ए! तू इथं कसा?"

हलगीवाल्यानं हलगी टाकली. "लांबहात्या बोलला रंऽ!" अशी बोंब मारून सगळे पांगले. गुंडा तर ओढ्यातच पडला. लालासाहेब तेवढा वळला. धावत आला आणि माझे हात धरले. हातात नुसत्या बाह्या आल्या. त्यानं त्या ओढल्या, मी तोंडावर पडलो.

"आरं, माणूस हाय ह्यो! चष्मेवाला!"

मग एकेकजण परत आला. आबा काठी टेकत आले. वाकून बघितलं. "राहीबाईचा धोंडिराम न्हवं तू? हितं काय करतुयास?"

सगळे बघत होते. कुणीतरी फिसकन हसलं. वर्गात हसले होते तसंच. माझं टाळकं फिरलं. मी म्हणालो, "शालूसाठी! रोज शालूसाठीच बसतो मी इथं. लग्न करीन तर तिच्याशीच. ज्याला अडवायचं त्यानं अडवून बघावं!"

हसणं थांबलं. आबा लालासाहेबाकडं बघून म्हणाले, "चल. पोरीला भाईर धाडायचं बंद आजपासनं."

२२ डिसेंबर

सकाळी गोठ्यात होतो. आबांची नजर चुकवून शालू आईकडं विरजण मागायला आली. आई आत गेली, तशी ती गोठ्याच्या दारात आली. डोळे सुजलेले.

मी म्हटलं, "शालू, मी जे बोललो ते खरं आहे."

"म्हाईत हाय मला. पहिल्या दिवसापासनं म्हाईत हाय. चष्मा चमाकला तवाच वळखलं तुला. आन् तुझा खोकला का आज ऐकत्ये मी?"

मी शेणाची पाटी घेऊन उभाच राहिलो. "मग जनावर... "

"मग काय सांगू आबांना? धोंडिराम बसतोय म्हणून? गडी बसतोय म्हणलं, की गडी मोकळा आन् पोरगी घरात. हितं दुसरं काय हुतं? जनावर म्हणलं म्हणून निदान सोबत मिळाली. शिकवणी चालू राह्यली. परीक्षा हाय जानेवारीत."

"सोबत! लालासाहेबाची!"

"माझ्या मावशीचा ल्योक हाय त्यो, येड्या. दादा म्हणत्ये ते ऐकलं न्हाईस? येवढा कान लावून बसायचास की रोज!" मग आवाज खाली आणून म्हणाली, "हात लांब मी म्हणलं. डोळं मी म्हणलं. तुला कुणी वळखू नये म्हणून हळूहळू वाढवत न्हेलं. शेपूट त्या गुंडाचं. म्हयनाभर सांभाळलं तुला. आन् परवा तू माणूस झालास. आबा काय करत्यात ठावं हाय? पुस्तकं माळ्यावर टाकली. वडूजचं स्थळ बघाय निघाल्यात."

आईच्या पावलांचा आवाज आला. विरजणाची वाटी पदराखाली घेऊन ती निघून गेली.

मला आधी राग आला. मला जनावर केलं! मग कळलं की छापून आलेलं सगळं तिनं रचलेलं. तिनं एकेक अवयव जोडायचा आणि मी शाई लावायची. मी स्वतःला लेखक म्हणवत होतो.

मग असंही वाटलं, सांभाळलं ते का? माझ्यासाठी, की परीक्षेसाठी? मला वाटतं थोडं माझ्यासाठी असेल. तसं ती म्हणाली नाही.

दुपारभर आढ्याकडं बघत पडलो. मी आबांना जाऊन सांगितलं की माझं शालूवर प्रेम नाही, तर विश्वास ठेवतील? प्रेम आहे म्हटलं तेव्हा चटकन ठेवला.

२३ डिसेंबर, शुक्रवार

नाथाजी नाताळच्या सुट्टीला आला. छापलेले सगळे अंक त्याच्याकडनं मागून घेतले. भांडण मिटलं वगैरे काही बोललो नाही. गुऱ्हाळाकडं निघालो तसा तो म्हणाला, "मी येऊ का?" मी नको म्हटलं. तरी आला आणि गुऱ्हाळाच्या कडेला उभा राहिला.

आबा तिथं होते, लालासाहेब होता, निम्मं गाव होतं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. एक वाक्य निघालं, त्याच्या मागं दुसरं.

"आबा, मंगळवारी मी खोटं बोललो. शालूशी माझं काही नाही. लोक मारतील म्हणून तिचं नाव घेतलं. प्रेमाचं नाव घेतलं की माणसं हात आवरतात."

"मग फडात काय करत हुतास?"

"तुम्हाला भेडवत होतो."

मी अंक काढले. मोठ्यानं वाचत सुटलो: काचेसारखे डोळे, गुडघ्याखाली हात, माणसासारखा खोकला, यष्टीनं येणारं अस्वल. मीच कोट घालून उभा राहायचो, म्हटलं. मीच खोकायचो. शालूला भेडवलं, कारण ती रोज एकाच वेळी येते, सोपी होती. तिच्या जागी कुणाचीही पोर असती, एखादी म्हातारी असती, तरी मला चाललं असतं. तुम्ही कसे घाबरता, काय काय बोलता, ते सगळं घरी जाऊन लिहायचो, छापून आणायचो. सांगली-मिरजेत लोक वाचतात आणि तुम्हाला हसतात.

हे शेवटचं कुठनं आलं मलाच कळलं नाही. पण तेच बरोबर लागलं. गुंडा अंकाकडं बोट दाखवून ओरडला, "यष्टीनं येतंय व्हय! आरं, ह्ये तर माझं बोलणं! सुक्काळीच्यानं माझं बोलणं इकलं!"

"शालू कशी घाबरली ते सांगू?" मी म्हटलं, आणि हसलो. हसणं सगळ्यात अवघड गेलं.

आबांनी अशी कानाखाली ठेवून दिली की माझा चष्मा उडाला तो उकळत्या काहिलीत. "आख्खं गुळाचं आदान नासलं!" म्हणून गुंडानं मला आणखी एक दिली. मग कुणी मोजली नाही. लालासाहेबानंच सोडवलं, कोटाची कॉलर धरून बाहेर काढलं आणि म्हणाला, "गाव सोड. आजच." मग बारक्या आवाजात, माझ्याकडं चमत्कारिक बघत म्हणाला, "लय बेस बोललास." म्हणजे काय? त्याला कळलं की काय? तिनं सांगितलं असेल?

चष्म्याशिवाय मला आबांचं तोंड नीट दिसत नव्हतं. आवाज ऐकला. "आसलं येडं हुतं व्हय," कुणालातरी सांगत होते. "मला वाटलं पोरीचं काय लफडं हाय."

आईनं भाकरी बांधून दिल्या.

२९ जानेवारी १९६७, रविवार, सांगली

नानासोंच्या छापखान्यात मुद्रितं तपासतो. पोवळ्यांच्या जाहिराती. लांबहात्या बंद केला. नानासो रागावले, वाचकांची पत्रं येताहेत म्हणाले. पुढं काय होतं ते मला सुचत नाही, असं सांगितलं.

संध्याकाळी नाथाजी गावाकडनं आला. मी विचारणार नाही असं ठरवलं होतं, तो शर्ट काढायच्या आत विचारलं.

"गेली की," म्हणाला. "साताऱ्याला. परीक्षा दिली. फाट्यापत्तूर एकलीच चालत गेली. तुझा फड अजून उभाच हाय, त्याच्याच कडंनं."

"लालासाहेब नव्हता?"

"त्येची रजा कवाच संपली."

"माझ्याबद्दल काही म्हणाली?"

"न्हाई."

"काहीच नाही?"

नाथाजीनं सदऱ्याची घडी घातली. गडी मुद्दाम वेळ लावतो. "लीलाबाई आल्या हुत्या फाट्यावर. म्हणाल्या, पोरी, त्या फडाजवळनं येकटी आलीस, भ्या वाटलं न्हाई? तर म्हणाली, भ्या कशाचं बाई, मीच पाळलेलं हुतं ते."

हे त्यानं मनानं रचलं असेल का? मी त्याच्याकडं बारीक बघितलं. पण नाथाजीला असलं सुचत नाही. असलं तिलाच सुचतं.